प्लॅस्टिकचे सांधे : पाइपलाइन व शेततळें यांकरितां जोडणीच्या पद्धतींचा तुलनात्मक विचार

शेतकीच्या धंद्यांत पाण्याचें मोल काय आहे, हें करमाळा तालुक्यांतील शेतकऱ्यास कोणीं सांगावयास नको. सोलापूर जिल्ह्याचा वार्षिक पाऊस सरासरीनें साडेपांचशें मिलिमीटरच्या आसपास, आणि तोहि भरंवशाचा नव्हे. १९८० सालीं भीमेवरील उजनी धरण पुरें झालें, तेव्हांपासून तालुक्याच्या पश्चिम बाजूच्या शिवारास धरणाच्या फुगवट्याचें पाणी लागलें. आणि जेथें पूर्वी ज्वारी-बाजरीवर भागवावें लागे तेथें ऊस व केळी उभी राहिली. कंदर गांवाकडची केळी आज परदेशच्या बाजारांत जाते. परंतु फुगवट्यापासून जसजसें पूर्वेकडे, सीना नदीच्या बाजूस जावें, तसतसा पाण्याचा प्रश्न बिकट होत जातो. तेथें एक तर लांबून पाणी उचलून आणावें, नाहीं तर पावसाळ्यांत मिळेल तें सांठवून उन्हाळ्यापर्यंत राखावें, हे दोनच मार्ग. पहिल्यास पाइपलाइन लागते, दुसऱ्यास शेततळें लागतें; आणि हीं दोन्ही कामें आज बहुतेक ठिकाणीं प्लॅस्टिकच्या आधारानेंच होतात.

प्लॅस्टिक खरेदी करितांना शेतकरी जाडी विचारतो, कंपनी विचारतो, भाव विचारतो, आणि अनुदान मिळेल कीं नाहीं हेंहि विचारतो. हे सर्व प्रश्न योग्यच आहेत. परंतु "याचा सांधा कसा करणार?" असें विचारणारे थोडे. वास्तविक माल कारखान्यांत तयार होऊन तपासून येतो; सांधा मात्र पुष्कळदां आपल्या बांधावर, धुळींत, वाऱ्यांत आणि घाईंत केला जातो. म्हणून कामाची कसोटी मालापेक्षां सांध्यांतच लागते. प्लॅस्टिक जोडण्याच्या पद्धती कोणत्या, त्यांतील कोणती कोणत्या मालास लागू पडते, आणि सांधा पक्का झाला कीं नाहीं हें शेतकऱ्यानें स्वतः कसें ओळखावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

सांध्याचें गणित

राज्य सरकारनें २०१६ सालीं 'मागेल त्याला शेततळें' ही योजना काढली. तींत सर्वांत मोठ्या तळ्याचें माप ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल असें होतें. अशा तळ्याच्या बाजूंस एकास एक उतार ठेवला तर तळ २४ मीटर चौरस राहतो व तळ्यांत सुमारें २२ लक्ष लिटर पाणी मावतें. तळ, चारी उतार आणि कडेच्या चरांत दाबावयाचा भाग मिळून सुमारें साडेअकराशें चौरस मीटर कागद लागतो. दोन मीटर पन्ह्याच्या पट्ट्या जोडून तो तयार करावयाचा म्हटलें, तर सांध्यांची एकूण लांबी अर्ध्या किलोमीटरहून अधिक भरते.

आतां या अर्ध्या किलोमीटरांत एकाच ठिकाणीं ज्वारीच्या दाण्याएवढें, म्हणजे पांच मिलिमीटर व्यासाचें भोंक राहिलें असें समजूं. खालीं मोकळा मुरूम असेल, तर तळें भरलेलें असतांना त्या भोंकांतून दिवसास साडेसात हजार लिटरांहून अधिक पाणी जाऊं शकतें, असें जलशास्त्राच्या नेहमींच्या सूत्रावरून निघतें. पातळी उतरते तसा वेग कमी होतो हें जमेस धरूनहि तीन महिन्यांत सहा लक्ष लिटर पाणी जमिनींत जाईल. खालची माती चिकण असल्यास इतकें जाणार नाहीं. पण चिकण माती सर्वांच्याच नशिबीं असते असें नाहीं. उन्हाळ्यांत केळीच्या झाडास ठिबकानें दिवसास वीस लिटर पाणी धरलें, आणि एकरीं साडेचौदाशें झाडें धरलीं, तर एका एकरास रोज २९ हजार लिटर पाणी लागतें. म्हणजे दाण्याएवढ्या त्या भोंकानें एक एकर केळीचें वीस दिवसांचें पाणी नेलें. एप्रिल-मे महिन्यांतील वीस दिवस म्हणजे काय, हें ज्यानें घड पोसण्याच्या वेळीं बाग सुकतांना पाहिली आहे त्यासच ठाऊक.

पाइपलाइनीचा हिशेबहि असाच आहे. फुगवट्यापासून तीन किलोमीटर लांब शेतापर्यंत सहा मीटर लांबीचे पाइप घातले तर पांचशें सांधे होतात. त्यांतील चारशें नव्याण्णव उत्तम झाले आणि एक बिघडला, तरी पाणी थांबतेंच. शिवाय तो एक कोठें आहे हें शोधण्यासाठीं दुसऱ्याच्या उभ्या पिकांतून चर उकरावा लागतो, आणि त्यांतून भाऊबंदकीचे तंटे निघतात ते वेगळेच.

प्लॅस्टिकच्या दोन जाती

'प्लॅस्टिक' हें एका पदार्थाचें नांव नसून एका मोठ्या कुळाचें नांव आहे. या कुळाच्या जोडणीच्या दृष्टीनें दोन शाखा होतात. पहिली शाखा मेणासारखी : तापविलें कीं मऊ होऊन वितळतें, निवलें कीं घट्ट होतें, आणि हा प्रकार पुन्हां पुन्हां करतां येतो. दुसरी शाखा विटेसारखी : एकदां भट्टींत भाजली कीं पुन्हां कितीहि तापविली तरी तिचा चिखल होत नाहीं. १९०७ सालीं अमेरिकेंत लिओ बेकलंड यांनीं शोधलेलें बेकेलाइट हें या दुसऱ्या शाखेंतलें. विजेचीं जुनीं काळीं बटणें व कुकरच्या मुठी याच जातीच्या. त्या फुटल्या तर डिंकासारख्या पदार्थानें चिकटवाव्या, पण त्यांचें वेल्डिंग होणार नाहीं.

शेतकऱ्याच्या उपयोगाचीं तीन मुख्य प्लॅस्टिकें पहिल्या शाखेंतलीं आहेत : पी. व्ही. सी., पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन. पॉलिथिन १९३३ सालीं इंग्लंडांतील एका रसायनशाळेंत जवळजवळ अकस्मात् सांपडलें. त्याचा घट्ट प्रकार, ज्यास आपण एच. डी. पी. ई. म्हणतों, जर्मनींत कार्ल झीगलर यांनीं १९५३ सालीं काढला. आपल्या महाराष्ट्रांत रायगड जिल्ह्यांतील नागोठणें येथें पॉलिथिनचे दाणे तयार होतात. आणि जळगांव येथें भवरलाल जैन यांनीं उभारलेल्या कारखान्यामुळें नळ्या व ठिबक संच यांचें नांव खेडोपाडीं पोंचलें. माल अशा रीतीनें घरचाच झाला आहे. त्याची जोडणीची विद्या मात्र अद्याप घरची झालेली नाहीं.

वेल्डिंग म्हणजे नेमकें काय होतें? प्लॅस्टिकचे रेणू लांबच लांब धाग्यांसारखे असतात. दोर वळणारा जुन्या पेडांत नवा वाख मिसळतो, तेव्हां तो वाख नुसता शेजारीं ठेवून भागत नाहीं. तो आंत शिरून पिळला जावा लागतो. त्याचप्रमाणें दोन तुकड्यांचे धागे एकमेकांत शिरून गुंतले पाहिजेत. त्यासाठीं तीन गोष्टी लागतात : धागे मोकळे होण्यास उष्णता, ते एकमेकांत शिरण्यास दाब, आणि दाबाखालीं निवण्यास वेळ. तिन्हींपैकीं एक कमी पडली कीं सांधा वरून चांगला दिसतो, पण आंतून शेजारीं ठेवलेल्या वाखासारखाच राहतो. आणि एक चौथी अट अशी कीं, दोन्ही तुकडे एकाच जातीचे हवेत. पी. व्ही. सी. आणि पॉलिथिन यांचा मिलाफ तेल-पाण्याप्रमाणें कधींच होत नाहीं.

माल कोणता हें ओळखण्याची साधी रीत

यासाठीं प्रयोगशाळा नको. एक लहानसा तुकडा कापून पाण्याच्या तांब्यांत टाकावा. पॉलिथिन व पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकीं असल्यानें तरंगतात, पी. व्ही. सी. पाण्याच्या सुमारें १.४ पट जड असल्यानें बुडतें. दुसरी परीक्षा ज्योतीची. पॉलिथिनचा तुकडा चिमट्यांत धरून पेटविला तर मेणबत्तीसारखा जळतो, त्याचे थेंब पडतात व वासहि विझलेल्या मेणबत्तीचाच येतो. पी. व्ही. सी. ज्योतींतून बाहेर काढतांच विझतें व नाकास झोंबणारा आम्लाचा धूर सोडतें. हा धूर विषारी आहे. म्हणून परीक्षा उघड्यावर, तीळभर तुकड्यावरच करावी व वास मुद्दाम ओढून घेऊं नये. खरेदीच्या वेळीं भारतीय मानकाचा छापहि पाहावा : पाण्याच्या कडक पी. व्ही. सी. पाइपास आय. एस. ४९८५, पॉलिथिनच्या पाइपास आय. एस. ४९८४, व शेततळ्याच्या विणलेल्या लेपित कागदास आय. एस. १५३५१.

पी. व्ही. सी. व सोल्युशन

पी. व्ही. सी. पाइपास आपण जें 'सोल्युशन' लावतों तो डिंक नव्हे. त्यांतील द्रव पाइपाचा पृष्ठभाग थोडासा विरघळवितो. दोन्ही विरघळलेले थर एकमेकांत मिसळतात, आणि द्रव उडून गेला कीं एकजीव होतात. म्हणजे येथें धागे मोकळे करण्याचें काम उष्णतेऐवजीं द्रव करितो. या पद्धतीस वीज लागत नाहीं, यंत्र लागत नाहीं, खर्च थोडा, आणि गांवांतला कोणताहि होतकरू मुलगा ती एका दिवसांत शिकतो. हे तिचे गुण.

दोष बहुधा पद्धतीचे नसून घाईचे असतात. पाइपाचें तोंड काटकोनांत कापावें, आंतबाहेर माती व तेल पुसून काढावें, पॉलिश कागदानें किंचित् खरबरीत करावें, दोन्हीकडे पातळ व सारखा लेप द्यावा, पाव फेरा फिरवून पुरतें आंत बसवावें व अर्धा मिनिट धरून ठेवावें. भर उन्हांत लेप लावून गप्पा मारीत बसल्यास द्रव उडून जातो व सांधा कोरडाच बसतो. पाण्याचा दाब दुसऱ्या दिवशींच द्यावा. डबा उघडा असतांना जवळ विडी पेटवूं नये. द्रव ज्वालाग्राही आहे. मोठ्या व्यासाच्या पाइपास सोल्युशनपेक्षां रबरी कड्याचा सांधा बरा, कारण तो थोडी हालचाल सोसतो.

कपलर वांचविण्यासाठीं काटक्यांच्या जाळावर पाइपाचें तोंड तापवून तें दुसऱ्या पाइपावर चढविण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे. पी. व्ही. सी. ऐंशी अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होतें, हें खरें. परंतु जाळावर उष्णता सारखी लागत नाहीं, भिंत एका बाजूस पातळ होते, आणि अधिक तापलेल्या भागांतून आम्ल वायु निघून माल ठिसूळ होतो. चार कपलरांची किंमत वांचवून तीन किलोमीटरांची पाइपलाइन धोक्यांत घालण्यांत शहाणपण नाहीं.

पॉलिथिनच्या नळ्या

पॉलिथिनवर सोल्युशन चालत नाहीं. नेहमींच्या तपमानांत तें कोणत्याहि साध्या द्रवांत विरघळत नाहीं, आणि डिंकहि त्याला धरीत नाहीं. त्याला उष्णताच पाहिजे. घट्ट पॉलिथिन १३० अंशांच्या आसपास वितळतें.

यांतील प्रमुख पद्धत बट वेल्डिंगची. दोन्ही नळ्यांचीं तोंडें यंत्रांत पक्कीं धरून रंध्यानें साफ तासावीं. मग मध्यें तव्यासारखी विजेची तापपट्टी धरावी; तिचें तपमान २१० अंशांच्या जवळपास असतें. दोन्ही तोंडांवर सारखी वळी आली, व उष्णता आंत मुरूं दिली, कीं पट्टी झटकन् काढून तोंडें एकमेकांवर दाबावीं, आणि तो दाब न सोडतां निवूं द्यावीं. निवण्यास नळीच्या जाडीप्रमाणें पांचपासून पंधरा-वीस मिनिटें लागतात. नीट झालेला सांधा नळीइतकाच बळकट असतो, आणि एकसंध नळी काळ्या जमिनीच्या फुगण्या-आकसण्याबरोबर वांकते, पण सुटत नाहीं. आपल्याकडील काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते व पावसाळ्यांत फुगते. तेथें हा गुण मोठा आहे. शिवाय लहान व्यासाची नळी वेटोळ्यांत येत असल्यानें सांधेच कमी लागतात.

तोटा असा कीं यंत्र पाहिजे, वीज किंवा जनरेटर पाहिजे, आणि मनुष्य संयमी पाहिजे. काम लवकर उरकावें म्हणून सांध्यावर पाणी ओतणें, पट्टी काढल्यावर वाऱ्यांत क्षणभर थांबणें, तासलेल्या तोंडास घामेजलेला हात लावणें, या तीन गोष्टींनीं 'थंड सांधा' होतो. त्याची वळी बाहेरून सुबक दिसते. मोटरीचा पहिला जोराचा दाब आला कीं तो सरळ रेषेंत उघडतो. वेगवेगळ्या जाडीच्या नळ्या या पद्धतीनें जोडूं नयेत.

दुसरी पद्धत इलेक्ट्रोफ्यूजनची. हिच्या कपलरच्या आंतच तारेचें वेटोळें असतें. नळ्या आंत घालून ठराविक वेळ वीज सोडली कीं तार तापून दोन्ही पृष्ठभाग वितळतात. चरांत पुरलेली, न हलणारी नळी दुरुस्त करावयास ही उत्तम. शहरांतील घरगुती वायूच्या नळ्या अशाच जोडतात. परंतु नळीवरील जुनी साय खरवडून काढली नाहीं तर सर्व खर्च फुकट जातो. आणि खर्च बराच आहे. म्हणून सबंध पाइपलाइन बट वेल्डिंगनें करावी, व अडचणीचे दोनचार सांधे इलेक्ट्रोफ्यूजननें करावे, हा हिशेब रास्त होय.

कारखान्यांतील पद्धती

आपल्या हातीं तयार येणाऱ्या वस्तूंतहि सांधे असतातच. ट्रॅक्टरच्या बॅटरीची पेटी पॉलिप्रॉपिलीनची असते व तिचें झांकण तापपट्टीनें बसविलेलें असतें. ज्या ठिबकाच्या नळींत ड्रीपर आंतच असतो, तेथें नळी यंत्रांतून गरम निघत असतांनाच ड्रीपर आंतल्या भिंतीस चिकटून एकजीव होतो. वेगळी उष्णता द्यावी लागत नाहीं. लहान व कडक भागांस ध्वनिलहरींचें वेल्डिंग करितात : सेकंदास वीस हजार किंवा अधिक कंपनें देऊन घर्षणानें सांध्यापुरतेंच वितळवितात, व काम एकदोन सेकंदांत होतें. गोल भाग असेल तर एक तुकडा दुसऱ्यावर जोरानें फिरवून घर्षणानें जोडतात. लेसर किरणांची पद्धत सर्वांत स्वच्छ. तींत वरचा तुकडा किरण आरपार जाऊं देणारा व खालचा ते शोषणारा असावा लागतो.

यांतून एक बोध घेण्याजोगा आहे. पी. व्ही. सी. ची ताडपत्री कारखान्यांत सेकंदास २७ दशलक्षांहून अधिक आंदोलनें करणाऱ्या विद्युल्लहरींनीं सुंदर जुळते. परंतु त्याच यंत्राखालीं पॉलिथिनचा कागद ठेवला तर तो तापतसुद्धां नाहीं, कारण त्याच्या रेणूंवर त्या लहरींची पकड बसत नाहीं. उलट पॉलिथिन मऊ असल्यानें ध्वनिलहरी गिळून टाकतें, म्हणून तीहि पद्धत त्यास फारशी मानवत नाहीं. सारांश, अमुक यंत्र श्रेष्ठ व तमुक कनिष्ठ असें मुळांत नाहीं. माल कोणता यावर पद्धत ठरते. जमीन पाहून बीं निवडावें, तसाच हा प्रकार आहे.

शेततळ्याचा कागद

शेततळ्यास बहुधा ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा पॉलिथिनचा काळा कागद वापरतात. काळा रंग शोभेसाठीं नसून त्यांतील काजळीमुळें उन्हाचा मारा सोसतो. कागद दोन जातींचा : एक सलग ओतीव, दुसरा पट्ट्या विणून दोन्हीकडून लेप दिलेला. विणलेल्यांत सांध्याच्या वेळीं वरचा लेपच वितळतो. उष्णता अधिक झाली तर आंतील पट्ट्या आकसून त्यांचें बळ जातें. म्हणून विणलेल्या कागदास उष्णता बेतानेंच द्यावी लागते.

जोडणीच्या तीन पद्धती आहेत. पहिली तापत्या पाचरीची : दोन कागदांच्या एकमेकांवर आलेल्या कडांमधून तापलेली पाचर सरकते व मागून चाकें दाबीत येतात. चांगलें यंत्र दोन समांतर सांधे घालतें व मधें पोकळ वाट ठेवतें. त्या वाटेंत सुईनें हवा भरून पांच मिनिटें दाबाचा कांटा पाहिला कीं सबंध सांध्याची परीक्षा होते. लांब सरळ सांध्यांस हिच्यासारखी दुसरी पद्धत नाहीं. दुसरी गरम हवेची : हातांतील यंत्रानें गरम हवा सोडून मागून लहान रूळानें दाबावयाचें. कोपरे, पाइप बाहेर काढण्याची जागा व ठिगळें यांना ती योग्य. परंतु तींत सर्व भिस्त हातावर असल्यानें शेंकडों मीटर सांधे तिनें करूं नयेत. तिसरी पद्धत वितळलेल्या प्लॅस्टिकचा ओघ सांध्यावर सोडण्याची. ती मिलिमीटर किंवा अधिक जाड पत्र्यांस चांगली, अर्ध्या मिलिमीटरच्या कागदास भोंक पाडील.

कागद कारखान्यांत तळ्याच्या मापानें जोडून एकसंध आणावा कीं शेतांत जोडावा, हा प्रश्न वारंवार निघतो. कारखान्यांत धूळ नाहीं, वारा नाहीं, तपमान स्थिर. म्हणून सांधा भरंवशाचा होतो. पण वर सांगितलेल्या मापाचा कागद सुमारें साडेपांच क्विंटल वजनाचा होतो. तो तळ्यांत पसरण्यास पुष्कळ माणसें हवींत, आणि ओढतांना दगडावर घासला तर कारखान्यांतील सर्व काळजी वायां गेली. आमच्या मतें साडेअकराशें चौरस मीटरपर्यंतच्या तळ्यास एकसंध कागदच आणावा. त्याहून मोठ्या तळ्यास दोनतीन मोठे तुकडे आणून मधले थोडे सांधेच जागेवर करावे.

आणखी एक गोष्ट ध्यानांत धरावी. घट्ट पॉलिथिन उन्हानें वाढतें व थंडीनें आकसतें. तीस मीटर कागदाचें तपमान तीस अंशांनीं उतरलें तर तो सुमारें पंधरा सेंटिमीटर आंखडतो. दुपारच्या उन्हांत ताणून जोडलेला कागद पौषाच्या थंडींत स्वतःच्याच सांध्यांस ओढूं लागतो. म्हणून अंथरणें व जोडणें सकाळीं करावें व कागद किंचित् सैल ठेवावा. सांधे उतारावर वरून खालीं जाणारे असावे, आडवे नसावे. आणि उतार व तळ जेथें मिळतात त्या कोनांत शक्यतों सांधा येऊं देऊं नये.

भोंक पडल्यास मेणबत्ती, तापलेला उलथना किंवा पी. व्ही. सी. चें सोल्युशन यांपैकीं कशाचाहि प्रयोग करूं नये. त्याच जातीच्या कागदाचें गोल ठिगळ, भोंकाच्या चोहोंकडे वीतभर मोठें, घ्यावें. जागा कोरडी करून पॉलिश कागदानें घासावी व गरम हवेनें आणि रूळानें तें बसवावें. ठिगळाचे कोपरे चौकोनी ठेवूं नयेत. कोपरा तेथूनच उचलला जातो.

शेतकऱ्यानें स्वतः काय पाहावें

(१) काम सुरू होण्यापूर्वी त्याच मालाच्या दोन तुकड्यांचा नमुना सांधा करवून घ्यावा. कागद असेल तर सांध्यावरून आडवी बोटभर रुंद चिंधी कापून दोन्ही पदर हातानें ओढावे. कागद फाटला तरी चालेल. सांधा सुटतां कामा नये. नळी असेल तर सांध्याची उभी पट्टी कापून वांकवून पाहावी. सकाळीं एकदां, दुपारीं एकदां व यंत्र बंद पडून पुन्हां सुरू झाल्यावर एकदां ही परीक्षा घ्यावी.

(२) सांध्याची जागा कोरड्या फडक्यानें पुसली जाते कीं नाहीं हें पाहावें. धुळीचा थर हाच सांध्याचा पहिला शत्रु.

(३) जोराचा वारा असेल तर आडोसा करावा, नाहीं तर काम थांबवावें. पावसांत व दंवांत सांधा करूं देऊं नये.

(४) तळ्याचा तळ व उतार यांवरील दगड, मुळ्या व तुराट्यांचे बुडखे वेंचून मऊ मातीचा थर द्यावा. सांधा फळीवर ठेवून करावा.

(५) पाइपलाइन बुजविण्यापूर्वी सांधे उघडे ठेवून पाणी सोडावें व सर्व सांध्यांवरून एकदां चालत जावें. कागदाच्या सांध्यांची हवेनें परीक्षा झाल्यावांचून तळें भरूं नये.

(६) ठेक्याच्या कागदांत मालाच्या हमीबरोबर सांध्याची हमी वेगळी लिहून घ्यावी. हें न केल्यास तळें गळूं लागल्यावर विकणारा जोडणाऱ्याकडे बोट दाखवितो, जोडणारा खोदणाऱ्याकडे दाखवितो, आणि शेतकरी कर्जाचा हप्ता भरीत बसतो.

थोडक्यांत तुलना

पी. व्ही. सी. पाइप आणि सोल्युशन हा मार्ग स्वस्त व सोपा. सपाट, न हलणाऱ्या जमिनींत, लहान अंतरास व जेथें वीज नाहीं तेथें तोच घ्यावा. चढ-उतार, काळी फुगणारी जमीन व लांब अंतर असेल तेथें पॉलिथिनची नळी व बट वेल्डिंग, हा पहिला खर्च जड वाटला तरी दूरदृष्टीनें हलका. इलेक्ट्रोफ्यूजन दुरुस्तीपुरतें. तळ्याच्या लांब सांध्यांस तापती पाचर, कोपऱ्यांस व ठिगळांस गरम हवा. इतकें ध्यानांत ठेवलें तर निवड करण्यास कोणाच्या तोंडाकडे पाहावें लागणार नाहीं.

शेवटीं एक सूचना. बट वेल्डिंगचें यंत्र किंवा तापती पाचर एकेका शेतकऱ्यानें घ्यावी अशी वस्तु नव्हे. तिचें काम आयुष्यांत एकदोनदांच पडतें. परंतु चारपांच गांवांच्या शेतकऱ्यांनीं संघ करून एक यंत्र घेतलें, आणि दोन हुशार तरुणांस त्याचें रीतसर शिक्षण दिलें, तर सांधा परक्याच्या घाईवर सोडावा लागणार नाहीं. प्लॅस्टिकच्या विद्येचें केंद्र सरकारचें शिक्षणालय, ज्यास 'सिपेट' म्हणतात, आपल्या जवळच छत्रपती संभाजीनगर येथें आहे. तेथें चौकशी करावी. पूर्वी गांवांत लोहार होता, सुतार होता, मोट शिवणारा चांभार होता. मोटेचा सांधा सुटला तर पाणी थांबे, म्हणून त्या सांध्याची विद्या गांवांतच असे. पाणी आतां मोटेनें येत नाहीं, नळीनें येतें. तेव्हां नळीच्या सांध्याची विद्याहि गांवांतच असली पाहिजे.